मझल ब्रेक सरळ बसवताना: खांदा, शिम आणि साडेअकरा

मझल ब्रेक म्हणजे रायफलच्या नळीच्या तोंडावर चढवायचं, धक्का कमी करणारं साधन. ते बसवणं म्हणजे आटे फिरवून पान्याने आवळणं, असं वरवर वाटतं. पण आवळून झाल्यावर ब्रेकची वरची भोकं जिथे यायला हवीत तिथे येत नाहीत, आणि मग पाना आणखी थोडा रेटून ती वर आणली जातात. बहुतेक बिघाड इथूनच सुरू होतात. ब्रेक हाताने फिरवून जिथे थांबतो, ती जागा बरोबर असेल तर पान्याचं काम दोन मिनिटांचं. ती चुकली असेल तर कितीही ताकद लावा, ब्रेक सरळही बसणार नाही आणि पक्काही होणार नाही.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. आटे पाडलेली नळी आणि तोंडावर लावायची साधनं यांवर बऱ्याच ठिकाणी परवान्याचे आणि कायद्याचे निर्बंध असतात; ते आधी पाहून घ्या. आणि रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, बोल्ट बाहेर काढा, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. या कामात डोळा नळीच्या तोंडासमोर आणावा लागतो, म्हणून बोल्ट समोर टेबलावर पडलेला दिसायला हवा.

मुळात सरळ बसवायचं कशासाठी? गोळी तोंडातून सुटल्यावर मागून येणारा वायू ब्रेकच्या भोकांतून बाजूला आणि थोडा मागे फेकला जातो, त्यामुळे धक्का कमी होतो. वरच्या बाजूला भोकं असली तर वायू वर जातो आणि तोंड खाली दाबलं जातं. आता हा ब्रेक दहा-पंधरा अंश कलला, की तेच बळ तिरकं लागतं. प्रत्येक बाराला तोंड एका बाजूला ओढलं जातं आणि दुर्बिणीतून निशाण दिसेनासं होतं. चहूबाजूंनी सारख्या खाचा असलेल्या फ्लॅश हायडरला (बाराचा लखलखाट कमी करणाऱ्या साधनाला) ही अडचण नाही, तो कसाही थांबला तरी चालतो. अमेरिकी एम१६ए१ रायफलीवरचा पिंजऱ्यासारखा फ्लॅश हायडर तसा होता. एम१६ए२ वर मात्र खालची बाजू बंद केली, म्हणजे जमिनीवर झोपून मारताना धूळ उडत नाही. त्याला पाच खाचा आहेत आणि मधली खाच बरोबर वर यावी लागते. दिसायला फरक एवढासा, पण तेवढ्याने बसवण्याची पद्धत बदलते.

आट्यांचं माप आधी पक्कं करा. .२२३ आणि ५.५६ या काडतुसांच्या नळ्यांवर बहुधा १/२-२८ असतं, .३०८ च्या नळ्यांवर ५/८-२४. युरोपीय रायफलींवर एम १५×१, एम १८×१ अशी मेट्रिक मापं भेटतात. एकेएम, म्हणजे कलाश्निकोव्ह, घराण्यात एम १४×१, तेही डाव्या आट्यांचं. ते माहीत नसलं की माणूस उघडायच्या दिशेने जोर लावतो आणि साधन आणखी घट्ट करत बसतो. पहिला अंक व्यास, दुसरा एका इंचात किती आटे ते, मेट्रिकमध्ये मात्र दुसरा अंक सरळ पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये, असतो. म्हणजे २८ आट्यांच्या नळीवर एका फेऱ्यात ब्रेक ०.९०७ मिमी पुढे सरकतो, २४ वर १.०५८ मिमी, एम १५×१ वर बरोबर १ मिमी. हे आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

माप जुळलं म्हणजे काम भागलं असं नाही. आटे जुळले तरी भोक जुळेलच असं नसतं, आणि हीच चूक सगळ्यांत धोक्याची आहे. ५.५६ ची गोळी ५.७ मिमी व्यासाची, .३०८ ची ७.८२ मिमी. ५.५६ साठीचा ब्रेक त्याच आट्यांच्या पण मोठ्या गोळीच्या नळीवर चढला, तर गोळी ब्रेकमध्येच अडकणार. बाहेरचं भोक गोळीच्या व्यासापेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने मोठं असावं; .३०८ साठी ८.३ मिमीच्या आसपास. व्हर्नियरने ते मोजा. ब्रेकवर कोरलेल्या आकड्यावर विसंबू नका.

आता खांदा. नळीवर आटे संपतात तिथे जी पायरी असते ती खांदा, आणि ब्रेक सरळ राहतो तो या पायरीमुळे. आटे फक्त ओढून धरतात; दिशा खांदा देतो. म्हणून खांदा नळीच्या भोकाशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, हवा, आणि गुण्या म्हणजे अगदी गुण्याच. हिशोब पाहा. खांद्याचा व्यास १९ मिमी आणि एका बाजूला तो फक्त ०.०३ मिमीने उतरता असेल, तर ६० मिमी लांब ब्रेकचं टोक जवळजवळ ०.१ मिमी बाजूला जातं. तीच चूक ०.०८ मिमी झाली तर टोक पाव मिलिमीटर सरकतं. आणि .३०८ च्या ब्रेकमध्ये गोळीच्या प्रत्येक बाजूला मोकळी जागा असते तीही पाव मिलिमीटरच. म्हणजे नुसत्या डोळ्याला न दिसणाऱ्या उतारामुळे गोळी भोकाच्या कडेला घासते. असा खांदा कानसीने दुरुस्त करायला जाऊ नका. हाताने घासून तो आणखी बिघडतो. नळी लेथवर भोकाच्या मध्याला धरूनच तो सरळ करायचा असतो, आणि ते काम चांगल्या टर्नरच्या, तेही बंदुकीच्या नळ्या जाणणाऱ्याच्या, हातचं.

खांदा पाहून झाला की ब्रेक चढवण्याआधी आणखी एक खात्री करा, जी अगदी सहज सुटते. ब्रेकच्या आत आटे जिथे संपतात तिथपर्यंतची खोली मोजा, आणि नळीवर खांद्यापासून तोंडापर्यंतची लांबी मोजा. नळीवरची लांबी जास्त असेल तर ब्रेक खांद्याला टेकण्याआधी आतून नळीच्या तोंडाला, म्हणजे क्राऊनला, जाऊन भिडतो. हाताला घट्ट वाटतं, पाना लावला की आणखी घट्ट होतं, आणि ती सगळी ताकद क्राऊनवर पडते. क्राऊनवर एक बारीकसा ओरखडा पडला तरी गट, म्हणजे निशाणावरचा गोळ्यांचा पुंजका, फाटतो. शंका असेल तर तोंडावर आणि खांद्यावर मार्करची शाई लावा, ब्रेक हाताने चढवून काढा. शाई खांद्यावर सारखी पुसली गेली पाहिजे, सगळ्या घेराभर. तोंडावरची शाई जशीच्या तशी राहिली पाहिजे. खांद्यावर अर्धचंद्राएवढीच शाई पुसली गेली असेल तर खांदा गुण्यात नाही, हे त्याच क्षणी कळतं. दहा रुपयांच्या मार्करने होणारी ही तपासणी महागड्या गेजइतकीच बोलकी आहे.

जुनं साधन काढायचं असेल तर त्यामागचं जुनं वॉशर खांद्याला चिकटून राहिलेलं नाही ना, ते नखाने चाचपून पाहा. आट्यांतला काळा थर ब्रशने आणि सॉल्व्हंटने काढा, नळीत तोंडाच्या बाजूने कापडाचा तुकडा घालून ठेवा म्हणजे कचरा आत जाणार नाही. आधी आटे चिकटवून धरणारा लाल लॉकिंग द्रव वापरलेला असेल तर तो साधारण २५० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावरच सुटतो. थंड असताना कचकचून ओढलं की नळीचे आटे मरतात. आटे साफ झाले की ब्रेक बोटांनीच खांद्यापर्यंत जायला हवा. मध्येच जड लागलं तर थांबा, उलटा काढा, पुन्हा पाहा. आडवे चढलेले आटे पान्याने सरळ होत नाहीत.

पुढचा प्रश्न ब्रेक कशाने थांबवायचा, आणि इथे पर्याय आहेत. क्रश वॉशर, पील वॉशर, शिम, किंवा मागून लॉक नट.

क्रश वॉशर हे शंकूसारखं वाकवलेलं वॉशर, आवळताना चपटं होत जातं आणि त्यामुळे बराच मोठा कोन पुढे सरकता येतं. एम१६ए२ वरच्या (ए२) फ्लॅश हायडरसारख्या साधनांना ते चालतं. बोटांनी घट्ट करायचं आणि मग पाव ते पाऊण फेरा पान्याने फिरवत ब्रेकची वरची बाजू दाखवणारी खूण वर आणायची. ते एकदाच वापरायचं असतं. एकदा चपटं झालं की त्यातला ताण गेला. वर आणताना खूण पुढे गेली तर मागे फिरवून आणू नका, कारण मागे घेतल्याबरोबर पकड सुटते. वॉशर फेका, नवं घाला. क्रश वॉशरचा खरा दोष मात्र वेगळा आहे: ते सगळीकडून सारखं दबेलच असं नाही. एका बाजूने जास्त दबलं की वर खांद्याबद्दल जो हिशोब मांडला तोच लागू होतो, फक्त आता चूक खांद्यात नसून वॉशरमध्ये असते. म्हणून लांब ब्रेकमागे ते वापरू नये असं माझं ठाम मत आहे, आणि ध्वनिशामक अडकवायच्या माउंटमागे तर कधीच नाही.

पील वॉशर पातळ थरांचं बनवलेलं असतं, त्यातला एक एक थर सोलून जाडी कमी करत जायची. सावकाशीचं काम आहे, पण एकदा जमलं की पक्कं. थर फाटला तर अर्धवट तुकडा तसाच राहू देऊ नका, तो एका जागी उंचवटा करतो.

लॉक नट सगळ्यांत सोपा. ब्रेक हवा तिथे धरायचा, मागचा नट पुढे ब्रेकवर आवळायचा. दोन पाने लागतात, एकाने ब्रेक जागेवर धरायचा. अडचण इतकीच की ब्रेक आता खांद्याला टेकलेला नसून नटाला टेकलेला असतो, आणि नट जेवढा गुण्यात तेवढाच ब्रेक सरळ. नट आट्यांची लांबीही खातो. त्यामुळे तसा बनवलेला ब्रेक असेल तरच हा मार्ग घ्यावा.

माझा कल शिमकडे आहे. शिम म्हणजे कडक पोलादाची पातळ, सपाट चकती. ती दबत नाही, म्हणून खांद्याचं सरळपण जसंच्या तसं ब्रेकपर्यंत पोचतं. मात्र तिची जाडी मोजून निवडावी लागते, आणि सगळी गंमत त्या हिशोबात आहे.

रायफल अशी धरा की तुम्ही नळीच्या तोंडासमोर उभे आहात. उजव्या आट्यांचा ब्रेक समोरून पाहताना घड्याळाच्या दिशेने आवळला जातो. हे आधी मनात पक्कं करा, कारण मागून, कुंद्याच्या बाजूने पाहिलं की तीच हालचाल उलटी दिसते आणि हिशोब उलटा होतो. आता शिम न घालता ब्रेक बोटांनी घट्ट करा आणि वरची खूण घड्याळाच्या कोणत्या अंकाशी थांबली ते पाहा. ब्रेक पान्याने आवळताना कडक शिमवर साधारण १५ अंश पुढे जातो, म्हणून बोटांनी तो साडेअकराला थांबायला हवा. मग पाना त्याला बाराला नेतो.

समजा ५/८-२४ ची नळी आहे आणि शिमशिवाय खूण तीनला थांबली. तीन म्हणजे बाराच्या पुढे ९० अंश. साडेअकरा म्हणजे बाराच्या मागे १५. एकूण १०५ अंश आधी थांबवायचं आहे. १०५ ला १.०५८ ने गुणा, ३६० ने भागा: ०.३०९ मिमी. १/२-२८ असती तर तेच उत्तर ०.२६५ आलं असतं.

आता डब्यात ०.३१ ची शिम नाही आणि तुम्ही ०.२७ ची घातली. ती फक्त ९२ अंशच अडवते. ब्रेक बोटांनीच बाराला जाऊन टेकतो, आणि पाना लावला की पुढे जातो. उलट ०.३५ ची घातली तर तो अकराला थांबतो, पूर्ण ३० अंश मागे. तिथून बाराला आणायला लागणारी ताकद आट्यांना नको तेवढी होते. केसाच्या जाडीपेक्षाही कमी, चार शतांश मिलिमीटरचा हा फेर आहे. म्हणून शिमवर छापलेली जाडी न मानता मायक्रोमीटरने मोजा. दोन शिम एकावर एक घालून माप जुळवता येतं, पण जमेल तितकी एकच घाला; प्रत्येक जोडीत कण अडकायला एक जागा वाढते. आणि नळीवर आट्यांच्या मुळाशी खाच कोरलेली असेल तर शिम तिच्यात घसरून एका बाजूला बसत नाही ना, ते आवळण्याआधी पाहा. घसरलेली शिम आवळताना मुडपते आणि ब्रेक तिरका करते.

आवळताना रायफल कशी धरायची हा पुढचा मुद्दा. नळीच धरा, तोंडापासून जवळ, नळीच्या क्लॅम्पमध्ये, चामडं किंवा लाकडी ठोकळे लावून. नळी घसरत असेल तर राळेची पूड ठोकळ्यांवर टाका. एआर सारख्या (एम१६ च्या घडणीच्या) रायफलीत वरचा रिसीव्हर, म्हणजे नळी जिथे बसते तो सांगाडा, व्हाइसमध्ये धरून तोंडाशी पाना लावला, की सगळा पीळ नळी आणि रिसीव्हर यांच्यामधल्या छोट्या खुंटीवर येतो. ती खुंटी याच्यासाठी नाही. आतून बोल्टच्या जागी दातांत बसणारा दांडा वापरला तर पीळ नळीतूनच जातो, तो मार्ग ठीक आहे. ब्रेकच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून फिरवू नका, भोकाची कड वाकते. ब्रेकवर पान्यासाठी सपाट बाजू असते. ए२ ला ३/४ इंची पाना लागतो.

समतल पाहण्यासाठी रिसीव्हरच्या वरच्या रेलवर (दुर्बीण बसवायच्या पट्टीवर) छोटी स्पिरिट लेव्हल ठेवा आणि क्लॅम्प तेवढ्यावर पक्का करा. मग ब्रेकच्या सपाट बाजूवर दुसरी लेव्हल. ब्रेक गोल असेल तर आरपार जाणाऱ्या बाजूच्या भोकांतून एक सरळ, गोल दांडी घाला आणि तिच्यावर लेव्हल ठेवा. दांडी लांब असेल तितकी चूक मोठी दिसते. समोर ओळंबा टांगून ब्रेकच्या मधल्या वरच्या भोकाशी दोरी जुळवून पाहता येते, तीही चांगली युक्ती आहे. आणि रेल कललेली आहे का हे आधी तपासून घ्या. दुर्बीणच तिरकी बसवलेली असेल तर तिच्याशी जुळवलेला ब्रेकही तिरकाच राहणार.

टॉर्क, म्हणजे आवळण्याची पीळ-ताकद, साधारण २० ते २७ न्यूटन-मीटर, निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच. आवळताना खूण बाराला आली पण टॉर्क रेंच १५ च्या आसपासच कटकला, तर शिम पातळ आहे. २७ झाले तरी खूण बाराच्या मागेच, तर शिम जाड आहे. दोन्ही वेळा ब्रेक काढा आणि शिम बदला; आकड्याला बुडवून किंवा वाढवून जुळवू नका.

द्रवांबद्दल थोडं. निळ्या लॉकिंग द्रवाची मर्यादा साधारण १५० ते १८० अंश सेल्सियस आहे आणि सलग बार केले की नळीचं तोंड त्यापुढे सहज जातं, मग तो पकड सोडतो. टॉर्क बरोबर असेल तर ब्रेकला द्रव लागतोच असं नाही. तेव्हा आट्यांना उष्णता सहन करणारा अँटीसीझ लेप लावावा, म्हणजे काढताना त्रास होत नाही. कायमचं बसवायचं असेल तर उष्णता सहन करणारा सिरॅमिक द्रव वापरतात, रॉकसेट हे त्यातलं परिचित नाव. तो पाण्यात विरघळत असल्याने काढायचं झालं की पाण्यात भिजवून सुटतो. द्रव लावायच्या आधी आट्यांवर तेलाचा मागमूसही राहू देऊ नका, आणि ओला असताना ब्रेक हलवत बसू नका. बसवा, लेव्हल पाहा, रात्रभर सोडून द्या.

बसवून झाला की बार करण्याआधी तपासणी. बोल्ट बाहेर आहे ना ते पुन्हा पाहा. मग चेंबरच्या बाजूने दिव्याचा प्रकाश टाका आणि ब्रेकच्या बाहेरच्या भोकातून डोळा अगदी मध्यावर ठेवून पाहा. भोकाच्या कडेच्या आत नळीच्या तोंडाचं वर्तुळ दिसतं, आणि दोन वर्तुळांमधली पट्टी चारी बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला चंद्रकोर जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब, तर ब्रेक तिरका आहे. याहून पक्कं हवं असेल तर नळीच्या मापाची ग्राइंड केलेली सरळ सळई तोंडातून आत सरकवून ब्रेकच्या भोकाबाहेर थोडी राहू द्या. सळईभोवतीची फट सगळीकडे सारखी हवी. सळई जोराने घुसवू नका आणि काम झालं की लगेच काढा. तिरकेपणा दिसला तर ब्रेक काढून शिम पुसा, खांदा पुसा, पुन्हा बसवा. एखादा कण अडकलेला असणं हेच सगळ्यांत नेहमीचं कारण. तरीही तसंच राहिलं तर खांदा किंवा आटे वाकडे आहेत, आणि मग बार करायचा नाही.

एकेएम सारख्या रायफलीत ही सगळी शिमची कसरत नसते. तिथे समोरच्या नेमाच्या ठोकळ्यात स्प्रिंगवरची खुंटी असते आणि ती साधनाच्या खाचेत बसून त्याला थांबवते. थोडा ढिलेपणा तिथे असतोच, तो दोष नव्हे. तिरपं कापलेलं तोंड मुद्दाम वर आणि उजवीकडे वळवलेलं असतं. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या रायफलीचं तोंड वर आणि उजवीकडेच जातं, त्याला वायू उलट दाबतो. इतर काम्पेन्सेटरमध्येही (वायूने तोंड खाली दाबणाऱ्या साधनांमध्ये) याच विचाराने काही जण खूण, समोरून पाहताना, बाराच्या किंचित मागे, म्हणजे मारणाऱ्याच्या उजव्या बाजूला, ठेवतात. पण ते आधी सरळ बसवून, बार करून, पाहूनच, अंदाजाने नाही.

खांद्यापासून ब्रेकवर जाणारी एक बारीक रंगाची रेघ ओढून ठेवा, ब्रेक हलला तर रेघ तुटलेली दिसेल. पहिले बार एकेक करून करा आणि प्रत्येक वेळी बोल्ट काढून बाहेरच्या भोकाची कड पाहा: तांब्याची चकचकीत रेघ दिसली तर गोळी घासते आहे, तिथेच थांबा. काजळी सगळ्या बाजूंनी सारखी बसली असेल तर काम बरोबर झालंय. रायफल पुन्हा झीरो करावी लागेल, म्हणजे दुर्बीण गोळी लागते त्या जागेशी पुन्हा जुळवावी लागेल, कारण तोंडाला वजन आलं की नळीचं कंपन बदलतं आणि गट सरकतो. आणि ब्रेक आवाज मागे आणि बाजूला फेकतो. १४० डेसिबलपुढचा एकेक बारही कानाला इजा करू शकतो, आणि ब्रेक लावलेली रायफल त्याच्या बरीच वर जाते. कानात प्लग, त्यावर मफ, आणि बाजूच्या लेनमधल्या माणसालाही तेच सांगा.